व्यायाम सुरू केल्यावर वाढलेले वजन : एका फॉरवर्डला उत्तर

गेले काही आठवडे व्हॉट्सॲपच्या मराठी गटांतून एक मजकूर फिरतो आहे. त्याचा आशय असा : व्यायाम सुरू केल्यावर वजन वाढले, तर तो अंगाला मानवत नाही असे समजून ताबडतोब थांबवावा; वाढलेले वजन म्हणजे अंगात साचलेले पाणी, म्हणून दिवसभरात दोन ग्लासांहून जास्त पाणी पिऊ नये आणि पोटाला प्लास्टिक गुंडाळून घाम काढावा; वजने उचलली की चरबीचे स्नायू होतात आणि उचलणे सोडले की त्याच स्नायूंची पुन्हा चरबी होते; बायकांनी तर वजनांना हातच लावू नये, कारण त्यांचे शरीर पुरुषी होते. मजकुराखाली कोणाचे नाव नाही, कशाचा आधार नाही. माझ्या मामींनी तो वाचला आणि खरा मानला. त्यांना मधुमेह आहे. डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्यांनी नुकतेच सकाळचे चालणे आणि हलक्या डंबेल्सचा व्यायाम सुरू केला होता, आणि पंधरवड्यात काटा दीड किलो पुढे गेला होता. त्यांनी चालणे बंद केले. भर उन्हाळ्यात पंखा बंद करून, डबे झाकायचे पातळ प्लास्टिक कमरेभोवती गुंडाळून त्या बसू लागल्या. कमरेवर घामोळ्यांचा लालभडक पट्टा उठला, आणि मधुमेहाची गोळीसुद्धा त्या जेमतेम घोटभर पाण्याबरोबर घेऊ लागल्या, तेव्हा कुठे घरात हा प्रकार कळला.

या मजकुरातला सर्वांत घातक भाग पाण्याचा आहे, म्हणून आधी तोच घेते. सुरुवातीच्या दिवसांत वाढलेल्या वजनात पाण्याचा वाटा मोठा असतो हे खरे आहे. पण ते पाणी कुठे असते आणि कशासाठी असते, हे मजकूर लिहिणाऱ्याला ठाऊक नाही. स्नायू कामासाठी लागणारी साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवून ठेवतात आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी साठते. रोज काम पडू लागले की स्नायू हा साठा वाढवतात. तो २०० ग्रॅमने वाढला, तर पाण्यासह काट्यावर ८०० ग्रॅम दिसतात. त्याच सुमारास रक्तातला द्रवभागही वाढतो, कारण काम करणाऱ्या स्नायूंना रक्त पुरवायचे आणि घामाने अंगही थंड ठेवायचे, तर आधीचे प्रमाण पुरत नाही. शिवाय सवय नसलेल्या व्यायामाने स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते, तिथे थोडी सूज येते, आणि साधारण २४ ते ७२ तास अंग ठणकते. या तिन्ही ठिकाणचे पाणी शरीराने कामासाठी किंवा दुरुस्तीसाठी धरलेले असते. पिण्याचे पाणी तोडल्याने ते नेमके तिथूनच निघून जाईल, असा काही मार्ग शरीरात नाही. उलट मूत्रपिंडे उरलेले पाणी अधिक घट्ट धरून ठेवतात. ज्याची साखर वाढलेली असते, त्याच्या शरीरातून लघवीवाटे आधीच जास्त पाणी जात असते; त्याने पाणी तोडले, तर रक्त आटते आणि साखरेचे प्रमाण आणखी चढते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर चक्कर येऊन पडण्यापासून मूत्रपिंडांना इजा होण्यापर्यंत काहीही होऊ शकते.

घामाने उतरलेल्या वजनाची किंमत काय असते, हे आपण सर्वांनी पॅरिस ऑलिंपिकच्या वेळी पाहिले आहे. ६ ऑगस्ट २०२४ च्या सकाळी विनेश फोगाट ५० किलोच्या मर्यादेत होती. दिवसभरात तिने तीन कुस्त्या जिंकल्या, आणि त्यानंतर तिचे वजन मर्यादेपेक्षा २.७ किलो जास्त भरले, असे भारतीय पथकाचे मुख्य वैद्यकीय अधिकारी डॉ. दिनशॉ पारडीवाला यांनी सांगितले. त्या दिवशी तिच्याइतका व्यायाम आपल्यापैकी कोणीही केला नसेल. मग तिचा व्यायाम तिच्या अंगाला मानवत नव्हता असे म्हणायचे का? ते वजन दिवसभरात पोटात गेलेल्या अन्नपाण्याचे होते. रात्रभर घाम काढून आणि शेवटी केस कापूनही १०० ग्रॅम उरलेच. ज्यांच्या भोवती अनुभवी डॉक्टर उभे असतात त्यांची ही गत, आणि इथे मधुमेही बाईला घरच्या घरी प्लास्टिक गुंडाळायला सांगितले जाते. अमेरिकेत १९९७ च्या अखेरीस महाविद्यालयीन संघांतले तीन तरुण कुस्तीगीर अशाच प्रकारे, हवा न खेळणारे पोशाख घालून आणि पाणी तोडून वजन उतरवताना महिना-सव्वा महिन्यात मरण पावले. त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन कुस्तीत असे पोशाख वापरण्यावर बंदी आली.

आता ‘व्यायाम ताबडतोब थांबवा’ या सल्ल्याकडे वळते. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. पंधरवड्यात दीड किलो निव्वळ चरबी चढायची, तर गरजेपेक्षा रोज सुमारे ८०० कॅलरी जास्त पोटात जायला हव्यात, म्हणजे रोज जवळजवळ एक अख्खे जेवण जास्तीचे. तसे घडत नसेल, तर काट्यावरची वाढ चरबीची नाही, एवढे साध्या गुणाकाराने कळते. मधुमेह्याच्या बाबतीत तर व्यायाम थांबवण्याचा तोटा वजनाच्या पलीकडचा आहे. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर आत घेतो, आणि व्यायामानंतरचे २४ तास किंवा त्याहून अधिक काळ इन्सुलिनचा परिणामही वाढलेला असतो. म्हणूनच मधुमेह्यांनी व्यायामात सलग दोन दिवसांहून जास्त खंड पडू देऊ नये असे सांगितले जाते.

काटा चरबी मोजत नाही, याचा सर्वांत बोलका पुरावा पुण्यातला आहे. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘द लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच आकडे छापले. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा होता : २२.३. शरीरातली चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरात स्नायू कमी आणि चरबी जास्त असते, हे याज्ञिकांच्या संशोधनातून वारंवार पुढे आले आहे. असे असताना आपल्याकडच्या माणसाने स्नायूंचा व्यायाम दीड किलोच्या भीतीने सोडून द्यावा, हे मला अतिशय चुकीचे वाटते. कमरेचा घेर टेपने मोजावा, साखरेचा आणि एचबीए१सीचा, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा, अहवाल पाहावा. काट्यावर उभे राहायचेच असेल, तर सकाळी, शौचानंतर, काही खाण्यापूर्वी उभे राहावे आणि एका दिवसाचा आकडा न धरता महिन्याचा कल पाहावा.

चरबीचे स्नायू होत नाहीत आणि स्नायूंची चरबीही होत नाही. त्या दोन वेगळ्या ऊती आहेत. व्यायाम सुटला की स्नायू झिजतो, आणि खाणे तेवढेच राहिले तर चरबी वेगळी वाढते. बायकांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन हे स्नायू वाढवणारे संप्रेरक पुरुषांच्या मानाने फारच कमी असते, त्यामुळे डंबेल्सनी कोणाचे शरीर पुरुषी होत नाही. पाळी थांबल्यानंतर हाडे ठिसूळ होऊ लागतात, तेव्हा तर हाच व्यायाम हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगितला आहे आणि तो स्त्री-पुरुष दोघांनाही सांगितला आहे.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करावी लागते. व्यायाम करूनही काहींची चरबी खरोखरच वाढते. अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट विद्यापीठातल्या एका अभ्यासात ८१ महिला १२ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, अर्धा-अर्धा तास ट्रेडमिलवर चालल्या, आणि त्यांतल्या जवळजवळ ७० टक्के महिलांची चरबी कमी होण्याऐवजी थोडीफार वाढली. पण त्यांच्या हृदय-फुप्फुसांची क्षमता वाढली. चालून आल्यावर भूक वाढते, ‘आज चालले आहे’ म्हणून पोहे दुसऱ्यांदा वाढून घेतले जातात, आणि बाकीचा दिवस बसून जातो. अर्ध्या तासाच्या चालण्यात खर्च झालेल्या कॅलरी एका बशीत परत येतात. त्यामुळे ‘घाबरू नका, सगळे स्नायूच वाढलेत’ हा जिममध्ये मिळणारा दिलासाही मला मान्य नाही. नवख्या माणसाचेही स्नायू पंधरवड्यात दीड किलोने वाढत नाहीत. महिना-दीड महिना उलटूनही कमरेचा घेर आणि वजन दोन्ही वाढतच असतील, तर ताटात काय आणि किती येते ते पाहावे लागेल. व्यायाम तेव्हाही चालूच ठेवायचा आहे.

आणि काही वेळा वाढते वजन खरोखरच दुखण्याचे लक्षण असते. दोन-तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढ झाली, पायांवर बोट दाबले असता खळगा राहू लागला, सपाट झोपल्यावर धाप लागू लागली, तर ते हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे दुखणे असू शकते. थायरॉईड ग्रंथीचे काम मंदावल्यानेही वजन वाढते. मधुमेहाच्या काही औषधांनी आणि इन्सुलिननेही वाढते, आणि पायोग्लिटाझोनसारख्या औषधाने तर अंगात पाणीही साठते. अशा वेळी डॉक्टरांकडेच जायचे, आणि जाताना व्यायाम कधी सुरू केला, कोणत्या गोळ्या चालू आहेत आणि त्यांतली कोणती अलीकडे बदलली, हे कागदावर लिहून न्यायचे.