दोष ठोकळ्यांचा नाही, ‘वीस मिनिटं थांबा’चा

नमस्कार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: कोड न लिहिता स्क्रीनवर ठोकळे जोडून केलेलं ऑटोमेशन म्हणजे खेळ. गुहागरच्या वाडीत शिंपणाचा पंप सकाळी सुरू झाला, मध्येच लाईट गेली, परत आली आणि पंप दुपारपर्यंत चालूच राहिला, विहिरीने तळ गाठला. कोड लिहिला असता तर हे झालं नसतं.

झालं असतं. होम असिस्टंट, म्हणजे घरातली उपकरणं आपोआप चालवणारं तुमचं सॉफ्टवेअर. त्याचा व्हिज्युअल एडिटर (ठोकळे मांडायची स्क्रीन) ठोकळ्यांचं शेवटी यामलच करतो, म्हणजे हाताने लिहिला असता तोच मजकूर. तुमची मांडणी आहे: सहाला पंप चालू, वीस मिनिटं थांबा, पंप बंद. ही वीस मिनिटं नुसती मेमरीत मोजली जातात. लाईट जाऊन संगणक रीस्टार्ट झाला की अर्धवट ऑटोमेशन पुढे चालत नाही, ‘बंद’ची पायरी येतच नाही. ट्रिगरमधल्या (ऑटोमेशन सुरू करणाऱ्या घटनेतल्या) ‘इतका वेळ टिकलं तर’चंही तेच. रिलेला, म्हणजे पंप चालू-बंद करणाऱ्या वाय-फाय स्विचला, मात्र आधीची स्थिती आठवत होती, म्हणून लाईट आल्याबरोबर त्याने पंप लावला.

तेव्हा वेळ मोजायचं काम रिलेकडेच द्या. त्यात टास्मोटा (रिलेच्या आतलं सॉफ्टवेअर) असेल तर त्याच्या कन्सोलमध्ये ‘पॉवरऑनस्टेट 0’ (PowerOnState, लाईट आल्यावर बंदच राहा) आणि ‘पल्सटाइम 1300’ (PulseTime, इतक्या वेळाने आपोआप बंद हो) या आज्ञा द्या. 112 पासून पुढच्या आकड्यातून तो 100 वजा करून सेकंद धरतो, म्हणजे हे 1200 सेकंद झाले. सरळ 1200 लिहिलंत तर पंप 18 मिनिटं 20 सेकंदांतच बंद होईल. मग वाय-फाय पडलं (जांभ्याच्या जाड भिंतींपलीकडे ते पडतंच) तरी पंप वेळेवर बंद होतो. लाईट गेली तर शिंपण अर्धं राहील, पण ते संध्याकाळी उरकता येतं. कोरड्या चाललेल्या पंपाचं सील जळतं, ते महागात जातं.

एडिटरवर राग काढायचाच तर वेगळ्या कारणासाठी काढा. ‘टाकी 90 टक्क्यांवर गेली की बंद’ हा ठोकळा फारच निर्धास्त दिसतो. सेन्सर मेला की सहसा त्याची स्थिती ‘अनुपलब्ध’ होते, ती 90 ओलांडणार कशी? म्हणून ‘सेन्सर अनुपलब्ध झाला’ हा दुसरा ट्रिगर त्याच ऑटोमेशनला जोडा. आणि पंप चालू करण्याआधी ‘टाकी 90 च्या खाली’ ही अट घाला. सेन्सर ‘अनुपलब्ध’ असेल तर ती अट खोटी ठरते आणि पंप लागतच नाही.

टाकीतला फ्लोट स्विच (पाण्याच्या पातळीवर तरंगून चालू-बंद होणारा) पुरेसा आहे म्हणता, तर तो काढू नकाच. वायरमनकडून कॉन्टॅक्टरच्या (मोटारीचा जड करंट झेलणाऱ्या मोठ्या स्विचच्या) कॉइलशी सिरीजमध्ये जोडून घ्या, म्हणजे फ्लोटने तोडलं की रिले काहीही म्हणो, पंप बंद.

कॉन्टॅक्टर नसेल तर आधी तो बसवा. 1 एचपीची मोटार सुरू होताना नेहमीच्या पाचसहा पट करंट ओढते, त्यात छोट्या रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटतात. ॲपमध्ये ‘बंद’ दिसतंय आणि मोटार चालूच आहे, असं कधी झालं असेल तर वरचं काहीही करण्याआधी रिले बदला.