२३ किलोंचा परलोक

कैरोच्या विमानतळावर सामानाच्या पट्ट्यावर एकच लाल बॅग फिरत होती आणि ती आमची नव्हती. चौथ्या फेरीला ती आमचीच वाटायला लागली.

आमची बॅग भरायला हिला नऊ दिवस लागले होते. पोहे, त्यांवर भुरभुरायचा जीरावन मसाला, तीन तऱ्हेची शेव, लोणचं, गूळपोळ्या. इंदूरला लोकमान्यनगरच्या घरात मी काट्यावर आधी नुसता, मग बॅग कवेत घेऊन उभा राहायचो आणि वजाबाकी करायचो. हद्द २३ किलोंची. २४ भरले तेव्हा माझे दोन शर्ट बाहेर आले. शेव आतच राहिली.

हरवलेल्या सामानाच्या खिडकीतल्या माणसाने फॉर्म पुढे सरकवला. ‘आतल्या वस्तू’ या रकान्यात जीरावन कसं लिहिणार? मी ‘कपडे’ लिहिलं. हिने वाचलं आणि हॉटेलपर्यंत बोलली नाही.

ग्रुपमधले बत्तीस इंदूरकर मात्र भरभरून बोलले. “बॅगेला रिबन बांधायची होती ना, भिया!” रिबन सगळ्यांनीच बांधली होती, तीही एकाच रंगाची, टूरवाल्यांनीच दिलेली. प्रत्येकाने धीर दिला आणि आपापल्या शेवेतला वाटा कबूल केला. नाश्त्यापर्यंत माझ्याकडे चार पुडे जमले. शर्ट एकही नाही.

मग बस गीझाकडे निघाली. गाईड हिंदीत सांगत होता, की जुने मिसरी लोक मेल्यावरच्या प्रवासाला सामान बरोबर देत: भाकरी, बिअर, कपडे, पलंग. १९२२ साली तुतनखामूनचं थडगं सापडलं, त्यात पाच हजारांवर वस्तू होत्या. हातातल्या काठ्याच शंभराहून जास्त. राजा गेला तो जेमतेम एकोणीस वर्षांचा!

“बघा,” ही बारा तासांनी बोलली, “त्याच्या घरी कोणी विचारलं का, एवढं कशाला म्हणून?”

खुफू राजाच्या पिरॅमिडसमोर आम्हाला मोजून उतरवलं. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचा, मूळ उंची १४६ मीटर, दगड अंदाजे २३ लाख. हल्ली २३ ऐकलं की माझी कंबर आपोआप धरते. एक काका मान वर करून बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, “आपल्या राजवाड्याला मजले तरी सात आहेत.”

आत जायचं तिकीट वेगळं. गाईड बाहेरच थांबला. त्याचा सुज्ञपणा मला दहाव्या पावलाला कळला. वाट चढणीची, छत कमरेला नमस्कार करायला लावणारं. पुढच्याची पाठ सोडून इतिहासातलं काहीही दिसत नाही. मध्ये एक उंच दालन लागतं, साडेआठ मीटरचं. तिथे सगळे ताठ झाले, ‘हुश्श’ म्हणाले आणि फोटो काढून पुन्हा चढायला लागले. माझा इंदूरहून घातलेला शर्ट आता स्वतःच प्राचीन झाला होता.

वर राजाची खोली. ग्रॅनाइटच्या उघड्या भिंती आणि एक दगडी पेटी, झाकण नसलेली. हिने वाकून आत पाहिलं.

“काहीच नाही?”

“चोर,” मी धापा टाकत म्हणालो. “फार जुने.”

“म्हणजे ह्यांचंही पोचलं नाही!” हिने पदराने कपाळ पुसलं. सबंध दिवसात पहिल्यांदाच तिच्या आवाजात माया होती, ती खुफूसाठी. मग हळूच म्हणाली, “ह्यांच्या बायकोने फॉर्म तरी नीट भरला असेल का हो?”