दोन ग्रॅम कुंदा

बेळगावात पत्ता विचारला तर "दुसऱ्या गेटाच्या अलीकडे" एवढं सांगून माणूस मोकळा होतो. अलीकडे म्हणजे रुळाच्या ह्या बाजूनं येणाऱ्याच्या की त्या बाजूनं, हे ज्याचं त्यानं बघायचं. मीही ह्याच पाण्यावर वाढलेला. मामांच्या मिठाईच्या दुकानासाठी सॉफ्टवेअरची टूल्स केली तेव्हा वर्णनही तसंच लिहिलं : "ऑर्डर घेते." झालं. आणखी काय सांगायचं?

व्हॉट्सअॅपवरचे मेसेज वाचून एआय एजंटनं, म्हणजे आपणहून कामं उरकणाऱ्या प्रोग्रॅमनं, ही टूल्स वापरायची, असा बेत होता. जोडणीला अँथ्रोपिक ह्या एआय कंपनीनं नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केलेला मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एआयला टूल्स जोडायची ठरलेली रीत. (हे नाव मी पहिल्यांदा उच्चारलं तेव्हा मी कुणाला तरी शिव्या देतोय असं मामांना वाटलं.) एजंटला टूलच्या आतला कोड दिसत नाही. दिसतं ते नाव, वर्णन आणि कुठली माहिती कशी द्यायची त्याची यादी. तेवढ्यावर त्यानं संसार करायचा.

पहिल्याच दिवशी शहापूरच्या एका काकूंचा मेसेज आला : "परवा दोन किलो कुंदा पाहिजे होता."

वजनाच्या रकान्याचं नाव मी नुसतं 'वजन' ठेवलं होतं. आमचा काटा ग्रॅममध्ये बोलतो, म्हणून टूलही ग्रॅममध्ये. हे मला ठाऊक, काट्याला ठाऊक. एजंटनं २ लिहिले. बिल निघालं दोन ग्रॅमचं.

"मुंगीचं बारसं हाय काय रे?" मामा.

पुढचा घोळ 'परवा'चा. आपला परवा मागंही जातो आणि पुढंही. त्यात काकूंनी अदबीनं "पाहिजे होता" म्हटलेलं. एजंटनं गेलेला परवा धरला. मागची तारीख बघून टूलनं बोंब मारायला हवी होती, ते गप्प बसलं. तारीख उलटली की ऑर्डर पोचली समजायची, हा नियमही माझाच. काकूंना लगेच मेसेज गेला : "आपला कुंदा पोचला आहे. चव कशी वाटली?"

काकू रिक्षा करून दुकानात आल्या.

रात्री वर्णनं नीट लिहायला बसलो. 'ऑर्डर_बघ' आणि 'ऑर्डर_तपास' अशी दोन टूल्स निघाली. पहिलं नुसतं दाखवतं. दुसरं पैसे न आलेल्या ऑर्डरी रद्दही करतं. हा फरक नावात नव्हता, वर्णनात नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्या रात्रीपर्यंत माझ्याही डोक्यात नव्हता.

सकाळी दुकानात गोकाककडचा नवा पोरगा आला होता. मराठी यथातथाच. मामा त्याला अर्धं कन्नड, अर्धं मराठी समजावत होते : "हा डबा बिनसाखरेचा. मागितला तरच काढायचा, आपणहून नाही. बॉक्स म्हणाले तर पावकिलो. परवा म्हणाले तर हिंदे की मुंदे, मागचा की पुढचा, विचारून घे. कळलं नाही तर अंदाज करू नको, मला हाक मार."

मी तिथंच वही काढली. 'वजन'चं 'वजन_किलो' झालं. तारीख वर्ष, महिना, दिवस ह्याच क्रमानं. होऊन गेलेली तारीख आली तर टूल आता नुसतं 'चूक' म्हणत नाही, "गिऱ्हाइकाला पुढची तारीख विचार" असं सांगतं. 'ऑर्डर_तपास'चं बारसं करून 'थकलेल्या_ऑर्डरी_रद्द_कर' केलं आणि खाली लिहिलं : "गिऱ्हाईक नुसती चौकशी करत असेल तर हे वापरू नको."

राहिलं गावाचं नाव. जुन्या नोंदींत 'बेळगाव', १ नोव्हेंबर २०१४ नंतरच्या काही नोंदींत सरकारी 'बेळगावी'. एक शोधलं की दुसरं सापडायचं नाही. मी मामांचाच नियम लावला : "शंका आली तर गिऱ्हाइकाला विचार."

एजंटनं अनगोळच्या एका आजोबांना नम्रपणे विचारलं, "आपल्या पत्त्यात बेळगाव लिहू की बेळगावी?"

उत्तर तासाभरानं आलं. सात मेसेज. सुरुवात १९५६ पासून. कुंद्याचा उल्लेख कुठंच नव्हता.

मामांनी चष्मा लावून सातही वाचले. "ह्यांना पावशेर जास्त बांध," ते पोऱ्याला म्हणाले. मग माझ्याकडं वळले, "आणि तुझ्या त्या यंत्राला सांग, हे असलं विचारायचं नसतं."

ते कसं लिहायचं, ह्यावर मी सोमवारपासून बसलोय.