सासऱ्यांची पट्टी आणि माझा प्लँक

काल परत एकीचं स्टेटस बघितलं, "प्लँक डे २१, ३ मिनिटं डन" आणि खाली फोटो. (प्लँक म्हणजे पालथं होऊन कोपर आणि पायांच्या बोटांवर अंग उचलून धरायचा व्यायाम.) फोटोत कंबर अशी लोंबलेली, पावसात दोरीवर ओले टॉवेल टाकल्यावर दोरी मधेच खाली येते ना, अगदी तश्शी. लाईक मात्र धो धो. तिथे कमेंट करणार होते पण नाही केली, कारण गेल्या वर्षी मीपण हेच केलंय आणि वर मिरवलंय.

तर झालं असं की पावसाळ्यात इथे गोव्यात फर्मागुडीचा माझा वॉक बंद पडला म्हणून जिम लावली, तिथे ३० दिवसांचं प्लँक चॅलेंज, पहिल्या दिवशी २० सेकंद आणि शेवटी थेट ५ मिनिटं. ट्रेनर मुलगा स्टॉपवॉच घेऊन डोक्याशी उभा, "मॅडम अजून दहा, अजून दहा". माझी कंबर कुठे गेली, कोपर कुठे गेले, मान कुठे वळली हे त्याने एकदाही बघितलं नाही, त्याची नजर घड्याळावर. सतराव्या दिवशी अडीच मिनिटं झाली, टाळ्या वाजल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला पलंगावरून उठता येईना. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आठ दिवसांवर, घरात नेवऱ्यांचा (करंज्यांचा) घाट घातलेला, आणि मी खुर्चीत उशी लावून सगळ्यांना सूचना देत बसलेली. जावेने काय काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

फिजिओने दोन वाक्यांत सांगितलं. पोटाचे स्नायू तुमचे पाऊण मिनिटातच दमले, नंतर सगळं वजन कमरेच्या मणक्यावर लटकत होतं. म्हणजे बाकीचा पावणेदोन मिनिटांचा माझा पराक्रम पोटाचा नव्हताच!!

पण खरा प्लँक मला शिकवला आमच्या सासऱ्यांनी. आता हसू नका. सासरे मेस्त, म्हणजे सुतार, चाळीस वर्षं दारं-खिडक्या केल्या, आता रिटायर. कंबर बरी झाल्यावर मी हॉलमध्ये मॅट टाकून परत सुरू केलं (मॅट पाहिजेच, पावसात आपल्याकडे लाद्यांना घाम सुटतो आणि कोपर सर्रकन पुढे जातात), तर पप्पा चहाचा कप घेऊन आले आणि म्हणाले, "सकयल कितें सोदता गो?" मी म्हटलं पप्पा काही शोधत नाहीये, हा प्लँक, प्लँक म्हणजे फळी, शरीर फळीसारखं सरळ ठेवायचं. बस्स, फळी म्हटल्यावर माणूस धंद्यावर आला. आत जाऊन सरळ लाकडी पट्टी घेऊन आले आणि ठेवली माझ्या पाठीवर. डोक्याला टेकली, पाठीला टेकली, माकडहाडाला टेकली, पण कमरेपाशी पट्टीखाली एवढी फट की त्यांची मूठ आत गेली. म्हणाले, फळीला बाक आलाय. दोन टोकांना आधार आणि मधे काही नाही तर फळी लोंबणारच, मधे टेकू दे.

आता तो टेकू द्यायचा कसा, तर खुब्याचे स्नायू आवळायचे, म्हणजे बूड घट्ट करायचं, आणि माकडहाड किंचित पायांकडे ढकलायचं, कुत्रं शेपूट आत घेतं ना तसं. पोट आत ओढायचं नाही हां, कोणी गुद्दा मारणार आहे असं समजून कडक करायचं. गुडघे ताठ. एवढं केलं की पट्टीखालची फट एकदम कमी होते, तळहात जेमतेम जाईल एवढी, आणि तेवढी असायलाच हवी कारण कमरेला आपला म्हणून थोडा बाक असतोच. कोपर बरोब्बर खांद्याखाली, पुढे नाही. कोपरांनी जमीन खाली दाबायची, नाहीतर छाती दोन खांद्यांमध्ये बुडते. नजर खाली, हातांच्या जरा पुढे, समोर टीव्ही बघायचा नाही, मान वर गेली की पट्टीच डोक्यावरून उठते. बूड डोंगरासारखं वर काढणाऱ्यांचं काय सांगू, ते आराम करतायत, करू द्या.

आणि श्वास! मी २० सेकंद श्वासच घेत नव्हते. ब्लड प्रेशरवाल्यांनी तर हे अजिबात करू नये, श्वास धरून जोर लावला की प्रेशर चढतं. बोलता आलं पाहिजे प्लँकमध्ये, मी पप्पांना उत्तरं देते.

असं सगळं नीट धरल्यावर पहिल्या दिवशी मी टिकले १२ सेकंद. बारा! हात-पाय थरथर, कपाळावर घाम. तेव्हा कळलं अडीच मिनिटं म्हणजे काय थाप होती. कॅनडातले स्टुअर्ट मॅकगिल, आयुष्यभर पाठीच्या कण्याचा अभ्यास केलेले प्रोफेसर, ते तर १० सेकंदांचे होल्ड परत परत करायला सांगतात. मग आपल्याला कसली घाई? जमत नसेल तर गुडघे टेकून करा, नाहीतर ओट्यावर हात ठेवून तिरके उभे राहून करा, त्यात कमीपणा नाही.

आता कोणीतरी रेकॉर्डचं काढणारच, म्हणून आधीच सांगते, कॅनडाच्याच डोनाजीन वाइल्ड या ५८ वर्षांच्या रिटायर्ड उपमुख्याध्यापिकेने २०२४ मध्ये साडेचार तास प्लँक केलाय. त्याच्या बारा वर्षं आधी हात प्लास्टरमध्ये असताना बाईंना त्याचा नाद लागला, म्हणजे मागे बारा वर्षांचा सराव. त्या करोत, त्यांना नमस्कार. आपल्याला चवथीला पाटावर बसून नेवऱ्या लाटायच्यात.

आणि हो, प्लँकने पोटावरची चरबी जात नाही. स्नायू मजबूत होतात, वरचा थर तिथेच. हे मला तीन महिन्यांनी कळलं, तुम्हाला आत्ताच सांगितलं.

सध्या अंदाजे २५ सेकंद, तीनदा, मधे दम खायचा. घड्याळ लावत नाही, पप्पा पट्टी धरून बसतात आणि फट वाढली की पट्टीने टकटक करतात, की मी खाली. आज दुसऱ्याच फेरीत टकटक झाली. मी म्हटलं पप्पा अजून दम आहे माझ्यात, तर म्हणाले तुझ्यात असेल, फळीत नाही, आणि पट्टी उचलून चहाला निघून गेले.