‘डोपामिन संपलं’ हा फॉरवर्ड अर्धवट आहे

कोथरूड, सिंहगड रोडच्या सोसायटी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: डिप्रेशन म्हणजे डोपामिन संपणं, आठ दिवस मोबाईल आणि गोड बंद केलं की टाकी पुन्हा भरते. डोपामिन हे मेंदूतल्या पेशी एकमेकींना संदेश द्यायला वापरतात ते रसायन. मुळात त्याची अशी टाकीच नसते.

मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांत डोपामिनच्या पेशी अनपेक्षित रस मिळाला की जोरात संदेश द्यायच्या. ठरल्याप्रमाणे मिळाला तर नाही. म्हणजे हिशेब अपेक्षेचा. नैराश्यात बक्षिसाला मेंदूतल्या स्ट्रायटम या, डोपामिनचे संदेश पोहोचणाऱ्या भागाचा प्रतिसाद सरासरीने मंद आढळतो. सगळ्यांत नाही, त्यामुळे स्कॅनवरून निदान होत नाही.

चाचण्यांत मात्र अनेक रुग्णांना साखर इतरांइतकीच गोड लागते. अडतं त्याआधी. रविवारी मित्र मिसळीला बोलावतात, पण उठून, आंघोळ करून, गाडी काढावी इतकं ते मोलाचं वाटत नाही. घरचे याला सरळ आळस म्हणतात, ते चूकच.

मन होण्याची वाट न पाहता छोटी कामं ठरवून करण्याचा उपचार आहे, तोही समुपदेशकाच्या मदतीने. मेसेज वाचून गोळ्या परस्पर बंद करू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.