ओठावरचा आणि खालचा

गेले आठ दिवस आमच्या फॅमिली ग्रुपवर एकच विषय चाललाय. कोथरूडच्या मावसबहिणीचं लग्न ठरत होतं. साखरपुड्याआधी मुलाने तिला एकटीला गाठून सांगितलं की मला जननेंद्रियाचा हर्पिस आहे, वर्षातून एखाद्या वेळी फोड उठतात. तिने मावशीला सांगितलं, मावशीने मामांना, आणि मामांनी (हे मला अजून पचलेलं नाही) सगळ्यांना. लगेच निकाल लागला: स्थळ नको, आणि यापुढे पत्रिकेबरोबर मुलाचं रक्तही तपासायचं. एका काकूंना तर ती नागीणच वाटली, तोंडाला शेपटी टेकली की माणूस गेला म्हणे. काकू, नागीण कांजिण्यांच्या विषाणूची. ‘हर्पिस’ हे आडनाव तेवढं एक.

रक्त तपासून काय कळणार? इथे इंग्लंडात, लीड्सच्या क्लिनिकमध्ये काही त्रास नसेल तर हर्पिससाठी रक्त घेतच नाहीत. मी एकदा गेले होते, तर नर्सने परत पाठवलं. हर्पिसचा टाइप 1, म्हणजे बहुधा ओठावरचा, जगात पन्नाशीच्या आतल्या दर तिघांत जवळपास दोघांना असतो, आणि तो ओठावर बसलाय की खाली, हे रक्त सांगत नाही. मामांना पेपर तपासायच्या दिवसांत दरवर्षी ओठावर फोड येतो. ‘उष्णता झाली’ म्हणतात, सब्जा पितात. मामा, तोही बहुतेक हर्पिसच. मुखमैथुनातून ओठावरचा खाली जातो. तुमची पत्रिका बघताना कुणी विचारलं होतं?

लागण होऊच शकत नाही, असं मी म्हणत नाही. फोड नसतानाही त्वचेतून विषाणू बाहेर पडतो, आणि पुरुषाकडून बाईला लागायची शक्यता उलटपेक्षा जास्त. पण 2004 साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. जवळपास 1,500 जोडपी, प्रत्येकात एकालाच टाइप 2, म्हणजे बहुधा खालचा. आठ महिन्यांत, विषाणूवरची गोळी नसलेल्यांच्या शंभर जोडीदारांपैकी साडेतीन जणांना लागण झाली. रोज ती गोळी (व्हॅलासायक्लोव्हिर) घेणाऱ्यांच्या जोडीदारांत शंभरात दोघांपेक्षाही कमी. निरोधाने धोका आणखी उतरतो, फोड असताना लांब राहायचं ते वेगळंच. जपायचं ते गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत: तेव्हा आईला पहिल्यांदाच लागण झाली तर बाळाच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून तर आधी माहीत असलेलं बरं. ज्याला माहीत नाही, किंवा जो बोलत नाही, तो मुलगा आमच्या घरात हसतमुखाने पास झाला असता. याने तोंड उघडलं, हाच त्याचा गुन्हा.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. मामांनी उत्तर दिलं, ‘तिकडची थेरं तिकडेच ठेव.’ मग रात्री बहिणीचा वेगळा मेसेज आला. ताई, तुमच्याकडे असं कुणी सांगितलं तर लोक काय करतात?

‘काही नाही गं, इथे नॉर्मल आहे,’ मी ठोकून दिलं.

चार वर्षांपूर्वी इथल्याच एकाने मला कॅनॉलच्या काठावर, हातात चिप्सचा पुडा धरून, अगदी हेच सांगितलं होतं. क्लिनिकमध्ये मी गेले ती त्याच आठवड्यात. सांगितल्याबद्दल मी त्याला थँक यू म्हटलं, इथल्या रीतीने. नंतर त्याचा एकही फोन उचलला नाही, ती आपली रीत.