रात्रीची खाज खोटी नसते

"रात्री रिकामे बसता ना, म्हणून खाजतं. कामात लक्ष घाला."

आज सकाळी अकरा वाजता एका दवाखान्यात डॉक्टरांनी आमच्या सोसायटीच्या वॉचमन काकांना हे ऐकवलं. माझा नंबर त्यांच्या मागचा, आणि दार सताड उघडं. काका बाही वर करून हात दाखवत होते. त्या वेळी हातावर होते ते दोन-चार सुकलेले ओरखडे, बाकी काही नाही. बाहेर आले, चिठ्ठीची घडी करून खिशात घातली, माझ्याकडे बघून ओशाळं हसले. तेव्हापासून माझं डोकं तडकलंय.

कारण हे वाक्य मी घरात ऐकत मोठी झालेय. माझी आई नर्स. महिन्यातले दहा-बारा दिवस नाईट, आणि नाईट नसली तरी झोप नाहीच. आम्ही एकाच खोलीत झोपायचो. रात्री एक-दीडला तिच्या बांगड्या वाजायला लागायच्या. आधी हळू, मग जोरात. मग मोरीत पायांवर गार पाणी ओतल्याचा आवाज. सकाळी चादरीवर रक्ताचे बारीक ठिपके. दिवसा दाखवायला नेलं की ठरलेलं, "आत्ता तर काही दिसत नाही. टेन्शन घेता का?" आजी म्हणायची, मनाचे खेळ. आणि मी, दहावीचा अभ्यास होता म्हणून, एकदा ओरडले, "आई, निदान बांगड्या तरी काढून झोप!"

दुसऱ्या रात्रीपासून तिने खरंच काढल्या. आवाज बंद झाला, खाज नाही.

अहो, कातडीला वेळ कळते! 2017चं वैद्यकाचं नोबेल हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना मिळालं, ते शरीरातलं हे घड्याळ पेशीच्या आत कसं चालतं ते फळमाशीत शोधून काढलं म्हणून. मुख्य घड्याळ मेंदूत, पण त्वचेच्या पेशींचंही आपलं आपलं असतं. दिवसा ऊन-धूळ अडवायची, रात्री नव्या पेशी घडवायच्या. रात्री त्वचेतून पाणी जास्त उडून जातं, ती कोरडी पडते. झोपेच्या वेळी हातापायांची कातडी गरम होते. आणि दाह आवरून धरणारं कॉर्टिसॉल हे हार्मोन मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जातं, पहाटे परत चढतं. म्हणजे माणूस अडीच वाजता ओरबाडून निघतो आणि आपण त्याला अकरा वाजता उजेडात तपासतो. वर त्यालाच खोटं पाडतो!

मान्य, रात्री सगळं शांत असतं, लक्ष खाजेकडे जातं. खरूजही रात्रीच जास्त खाजते, घरात दोघा-तिघांना एकदम सुरू झालं तर आधी तेच तपासून घ्यावं. पण हे ठरवायला तरी प्रश्न विचारावे लागतात ना?

आणि नाईटवाल्यांचं तर विचारूच नका. मेंदूचं घड्याळ उजेडावर चालतं. रात्रभर ट्यूबलाइटखाली बसायचं, सकाळी पत्र्याच्या खोलीत झोपायचं, जेवण भलत्याच वेळी. त्या शरीराने दिवस कुठला आणि रात्र कुठली समजायची? आईने कंटाळून मेडिकलमधून एक ट्यूब आणली होती. दोन दिवसांत गुण. तीच ती वर्षभर चोळली. स्टिरॉइड होतं. कोपराच्या खळग्यातली कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली, आतल्या शिरा दिसायच्या. नर्स असून. कारण दुसरं कुणी काही सांगतच नव्हतं. पुढे एका डॉक्टर बाईंनी नीट ऐकून घेतलं, एक्झिमा म्हणाल्या, म्हणजे कातडी कोरडी पडून खाजत राहणारा आजार, संध्याकाळी कोमट पाण्याने आंघोळ आणि अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर, एवढ्यापासून सुरुवात केली. चमत्कार झाला नाही. पण आई सलग चार तास झोपायला लागली.

आता चिडून लिहायला बसले होते, मध्येच आईला फोन केला. सगळं सांगितलं. तिने दवाखान्याला नावं ठेवली नाहीत, काही नाही. फक्त विचारलं, "किती वाजता सुरू होते गं त्यांना?"

खाली जाऊन काकांना विचारून आले. ते खुर्चीतून उठून उभे राहिले. म्हणाले, "दोन वाजले की, ताई. घड्याळ बघायलाच लागत नाही."